बागलाणचा राजकवी: एकच स्तुती, दोन शहजादे

सटाण्याहून ताहाराबादमार्गे मुल्हेरकडे गेलात तर समोर तीन डोंगर एका रांगेत उभे दिसतात. मधला मुल्हेर, एका बाजूला मोरा, दुसऱ्या बाजूला हरगड. ट्रेकर मंडळींना हे नवीन नाही. पण या मधल्या डोंगरावर १५९६ साली वीस सर्गांचं एक संस्कृत महाकाव्य पुरं झालं, हे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या फारच थोड्या लोकांना माहीत असतं. कवीचं नाव रुद्रकवी, काव्याचं नाव 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य'. ज्याच्या हुकमावरून ते लिहिलं तो बागलाणचा बागुल राजा नारायणशाह. काव्यात मुल्हेरचं नाव मयूरगिरी आहे.

माझ्या पीएच.डी.चा विषय लहान राज्यांमधलं दरबारी काव्य असा आहे. लहान म्हणजे ज्यांच्या शेजारी कायम कुणीतरी मोठं बसलेलं असतं अशी राज्यं. विषय सांगितला की समोरून हमखास एक प्रश्न येतो: "म्हणजे भाटगिरीच ना शेवटी?" प्रश्न चुकीचा नाही. आज शहरातल्या कुठल्याही चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, 'कार्यसम्राट', 'युवा हृदयसम्राट' वगैरे. फोटो बदलतो, मजकूर तोच राहतो. रुद्रकवी याहून वेगळं काय करत होता? या पोस्टमध्ये मी तोच प्रश्न सरळ अंगावर घेणार आहे, कारण रुद्रकवीच्या बाबतीत 'फोटो बदलतो, मजकूर तोच' हे अगदी शब्दशः खरं आहे. ते कसं, ते पुढे येईल.

आधी राज्याविषयी थोडं. बागलाण म्हणजे आजचा सटाणा तालुका आणि त्याच्या आजूबाजूचा डोंगराळ पट्टा. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला खानदेश, खाली अहमदनगरची निजामशाही. सुरतेहून दख्खनमध्ये माल यायचा तर वाट या डोंगरांमधून. जकात मिळायची, आणि शत्रूही मिळायचे. १२९७ च्या सुमाराला अलाउद्दीनाच्या फौजांनी गुजरात घेतला तेव्हा कर्णदेव वाघेला पळून आला तो याच भागात. 'आईन-इ-अकबरी'त बागलाणची नोंद आहे: सात नामी किल्ले, त्यांत मुल्हेर आणि साल्हेर मुख्य, आणि फळं कुठली तर द्राक्षं, डाळिंबं वगैरे. सटाण्याच्या डाळिंबवाल्यांनी ही नोंद फ्रेम करून लावायला हरकत नाही.

आता काव्य. रुद्रकवी दक्षिणेकडचा, अनंताचा मुलगा आणि केशवाचा नातू. घराण्याची हकिकत त्याला लक्ष्मण पंडिताकडून मिळाली. म्हणजे कामाची वाटणी झालेली होती: माहिती एकाकडे, शब्द दुसऱ्याकडे, आणि खर्च राजाचा. वीस सर्गांत मूळपुरुषापासून नारायणशाहापर्यंतचा वंश सांगायचा असं हे काम.

मूळपुरुषाची कथा अशी आहे. कैलासावर शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. पार्वतीच्या हातचा फासा उडून शंकराच्या माथ्यावरच्या चंद्राला लागतो. त्या चंद्रातून अकरा वर्षांचा एक मुलगा बाहेर येतो. शंकर त्याला कान्यकुब्जाचं, म्हणजे कनौजचं राज्य देतो. तिथे सूर्यवंशातला एक राजा पुत्रासाठी तप करत असतो. लाटना नावाची देवी मध्ये पडते आणि मुलगा त्या राजाच्या पदरात जातो. राष्ट्राचा भार वाहील म्हणून त्याचं नाव राष्ट्रौढ.

ही कथा पहिल्यांदा वाचताना गोड वाटते, आणि तेवढ्यावर सोडून दिली जाते. इतिहासाच्या पुस्तकांत तर ती 'दंतकथा' म्हणून एका वाक्यात उडवतात आणि पुढच्या सनावळ्यांकडे धावतात. माझं म्हणणं असं की रुद्रकवीचं खरं डोकं इथेच दिसतं. नीट बघा. मुलगा चंद्रातून जन्मला आणि सूर्यवंशात वाढला. मोठमोठी राजघराणी सूर्यवंशी की चंद्रवंशी यावर भांडत असतात, आणि इथे मुल्हेरच्या कवीने एका फाशात दोन्ही वंश खिशात घातले! बरं, राज्य कनौजचं. म्हणजे राठोडांशी, पर्यायाने राजपुतान्यातल्या बड्या घराण्यांशी नातं जोडलं गेलं. अकबराच्या दरबारात ज्या घराण्यांना मान होता त्यांच्या पंगतीत बागुलांना बसवायचं तर ही जोडणी हवीच होती. आणि तप करणाऱ्या त्या सूर्यवंशी राजाचं नाव काय? नारायण. पैसे देणाऱ्या राजाचं नाव नारायणशाह. योगायोग असेल तर असो, पण दरबारात हा सर्ग वाचला गेला असेल तेव्हा ते नाव ऐकून कुणीच मान वर केली नसेल, हे मला पटत नाही.

यात खोटं बोलणं आहे का? अर्थात आहे. पण ते हिशोबी आहे. कवी राजाला 'तू मोठा आहेस' असं नुसतं म्हणत नाही, तर शेजारच्या मोठ्यांनी तुला कुठल्या रांगेत उभं करावं ते सांगतो. ऐकणारा राजा एकटा नाही. त्याच्या मागे बुऱ्हाणपूर, अहमदनगर आणि आग्रा हेही कान देऊन आहेत, असं धरूनच ही रचना केली आहे. त्या साली परिस्थिती काय होती ते आठवा: १५९५-९६ च्या हिवाळ्यात अकबराचा मुलगा मुराद आणि अब्दुर रहीम खानखानान अहमदनगरला वेढा घालून बसले होते, आणि आत चांदबीबी किल्ला लढवत होती. मुल्हेरहून अहमदनगर फार लांब नाही. आपला नंबर कधी लागेल हा प्रश्न नारायणशाहाच्या दरबारात रोजचाच असणार.

काव्य म्हणून मात्र सगळं काही भारी आहे असं मी म्हणणार नाही. महाकाव्यात काय काय हवं याची यादी दंडीने 'काव्यादर्शा'त देऊन ठेवली आहे: नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय, उद्यान, जलक्रीडा, विवाह, स्वारी, युद्ध. यादी पाळली की महाकाव्य तयार होतं, पण ते कुठेही घडू शकतं. मयूरगिरीच्या जागी दुसरा कुठलाही गिरी घाला, चंद्र तसाच उगवेल. 'आईन'मधल्या चार ओळींत बागलाणचा जो वास येतो तो मला वीस सर्गांत येत नाही. रुद्रकवीचा हात बसलेला आहे, वृत्तं सफाईदार आहेत, पण वर्णनं चालू झाली की तो यादी उरकतोय असं वाटतं. वंशाची गाठ बांधताना आणि राजकारणाजवळ आला की तो जागा होतो. म्हणून मी त्याला निसर्गकवी म्हणून वाचत नाही. तो वकील होता, आणि हुशार वकील होता.

इथे जरा युरोपच्या एका कोपऱ्यात जाऊन येऊ, कारण ही तुलना माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण खाते. वेल्स. बाराव्या-तेराव्या शतकात तिथे लहान लहान राजपुत्रांची राज्यं होती, ग्विनेद, पॉविस, देहेबार्थ अशी, आणि शेजारी इंग्लंडचा राजा. उच्चार मी कानाला जमेल तसे लिहिते आहे, वेल्श वाचकांनी माफ करावं. या राजपुत्रांच्या कवींना 'राजपुत्रांचे कवी' असंच म्हणतात. वेल्श कायद्याच्या पोथ्यांत कवीची जागा चक्क लिहून ठेवली आहे: पेनकेर्द म्हणजे कवींचा प्रमुख, त्याला खुर्ची, आणि राजाच्या शिबंदीचा कवी वेगळा. स्वारीत लूट मिळाली की शिबंदीच्या कवीने ठरलेलं गाणं म्हणायचं आणि लुटीतलं एक जनावर घ्यायचं. म्हणजे मोबदला आधी ठरलेला, कामही ठरलेलं. आपल्याकडे भाटांच्या बिदागीचं, इनामाचं जे होतं तेच, फक्त तिथे ते कायद्यात बसवलेलं.

त्यांच्यातला सगळ्यात मोठा कवी कन्देलू. त्याने आधी पॉविसच्या मादोगची स्तुती केली, मग ग्विनेदच्या ओवाइनची, मग देहेबार्थच्या रीसची. हे तिघे काही एकमेकांचे जिवलग मित्र नव्हते. तरी वेल्श अभ्यासक कन्देलूला कोलांट्या मारणारा म्हणत नाहीत. धनी मेला किंवा सत्ता सरकली की कवी दुसऱ्या दारात जाणार, हे तिथे गृहीतच आहे. १२८२ च्या डिसेंबरात शेवटचा राजपुत्र लिवेलिन मारला गेला आणि ग्रिफिद नावाच्या कवीने त्याच्यावर विलाप लिहिला. आज वेल्स ज्या काव्यामुळे तो काळ आठवतं ते हेच. राजपुत्र संपल्यावर काही वर्षांतच कुणीतरी त्या सगळ्यांची कवनं एका हस्तलिखितात गोळा करायला घेतली. ते हस्तलिखित १९१० मध्ये एका जुन्या घराच्या कपाटात सापडलं, आणि १९९० च्या दशकात या कवींच्या संशोधित आवृत्तीचे सात खंड निघाले. सात खंड! आपल्या रुद्रकवीची सगळी काव्यं मिळून एका पिशवीत मावतात, आणि बऱ्याचदा झेरॉक्समध्ये.

तर परत मुल्हेरला. नारायणशाहानंतर त्याचा मुलगा प्रतापशाह गादीवर आला, आणि आता रुद्रकवीची लेखणी दुसऱ्या दिशेला वळली. १६०३ मध्ये 'दानशाहचरित', म्हणजे अकबराचा मुलगा दानियाल याची स्तुती. १६०९ मध्ये 'खानखानाचरित', म्हणजे अब्दुर रहीमची. मग 'जहांगीरचरित'. आणि 'कीर्तिसमुल्लास', जे शहजादा खुर्रमसाठी आहे. खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान. कवी प्रतापशाहाचा, तो लिहितो आहे संस्कृतात, आणि स्तुती फारसी बोलणाऱ्या मुघलांची.

इथे वाचकांचे दोन गट पडतात आणि दोन्ही मला कंटाळा आणतात. एकाला यात लाचारी दिसते, दुसऱ्याला लगेच गंगाजमनी संस्कृती. मला यात आधी नकाशा दिसतो. दानियालकडे तेव्हा दख्खनचा कारभार होता. तो १६०५ मध्ये दारूपायी गेला. रहीम बुऱ्हाणपुरात बसून दख्खनच्या मोहिमा हाकत होता, शिवाय स्वतः कवी आणि कवींचा आश्रयदाता. आपण शाळेत त्याचे दोहे शिकलो. खुर्रमही पुढे दख्खनच्या मोहिमेवर आला. म्हणजे बागलाणच्या दारात त्या त्या वेळी जो मुघल उभा होता, त्याच्या नावाने काव्य तयार झालं. ऑड्री ट्रश्के यांच्या 'कल्चर ऑफ एन्काउंटर्स' (२०१६) या पुस्तकात या काव्यांची चर्चा आहे, आणि त्यांनीही ही काव्यं राजकीय विनंत्या म्हणून वाचली आहेत. मुघल दरबारातल्या संस्कृतच्या बाजूने बघायचं तर ते पुस्तक जरूर वाचा. मी बघते आहे ती मुल्हेरच्या बाजूने.

आणि आता ती फ्लेक्सची गोष्ट. 'दानशाहचरिता'तले बरेच श्लोक रुद्रकवीने पुढे 'कीर्तिसमुल्लासा'त वापरले. नाव बदललं, स्तुती तीच राहिली. दानियाल मेला होता, तो काही तक्रार करायला येणार नव्हता.

माझ्या एका सेमिनारमध्ये हे सांगितल्यावर हशा पिकला. पिकणारच. पण हसून झाल्यावर जरा थांबून विचार करू. स्तुती ही नुसती बक्षीस मिळवण्यासाठी असेल तर श्लोक पुन्हा वापरणं ही कामचुकारपणाची गोष्ट. पण स्तुतीत एक मागणीही असते. 'तू शरणागताला राखणारा आहेस' असं राजाला चारचौघांत म्हटलं की तो बांधला जातो, निदान बांधला जावा अशी अपेक्षा असते. आपण म्हाताऱ्या आत्याला "तुमच्यासारखं मन कुणाचं नाही हो" म्हणतो तेव्हा पुढे काहीतरी मागायचं असतं. मग हीच मागणी दोघांपुढे ठेवली तर बिघडलं कुठे? बागलाणची गरज बदललेली नव्हती. समोरचा माणूस बदलला होता. त्या अर्थाने श्लोक परत वापरणं प्रामाणिकच म्हणायला हवं.

तरी माझं मन यावर पूर्ण बसत नाही, आणि इथे मी रुद्रकवीच्या विरुद्ध बोलणार आहे. मागणीला वजन येतं ते समोरच्याला ओळखून केली की. कन्देलूच्या कवनांत कुठली नदी, कुठली लढाई, कुठला बाप हे येतं. ते कवन उचलून दुसऱ्या राजपुत्राला चिकटवता येत नाही. 'राष्ट्रौढवंशा'तली फाशाची कथाही अशीच आहे, ती बागुलांनाच बसते. 'नारायण' हे नाव काढून तिथे 'जहांगीर' घालून दाखवा. पण दानियालची स्तुती खुर्रमला जशीच्या तशी बसते, याचा अर्थ ती दानियालला कधी मापून शिवलेलीच नव्हती. आपल्या धन्यासाठी त्याने कपडा शिवला, मुघलांसाठी तयार माल काढला. माझ्या मते रुद्रकवीच्या सगळ्या कामात ही एक रेषा स्पष्ट दिसते, आणि त्याचं मूल्यमापन करायचं तर ते या रेषेवरून करायला हवं. चारही मुघल काव्यं मिळून मी त्या एका पहिल्या सर्गाच्या बदल्यात देऊन टाकीन. (गाईडना हे वाक्य आवडलेलं नाही. प्रबंधात ते नसेल.)

उपयोग झाला का? हिशोब मांडू. खानदेशची फारुकी सत्ता १६०१ मध्ये बुडाली. निजामशाही १६३६ मध्ये संपली. बागलाण त्या दोघांपेक्षा लहान, आणि ते १६३८ पर्यंत टिकलं. श्रेय अर्थात साल्हेर-मुल्हेरच्या कड्यांना आणि घाटवाटांना, श्लोकांना नाही. पण मधल्या चाळीसेक वर्षांत वाटाघाटी सतत चालू होत्या. जहांगीरने आपल्या आठवणींत बागलाणच्या प्रतापचा उल्लेख केला आहे, तो दरबारी येऊन गेल्याचा. अशा येण्याजाण्यात नजराणा लागतो. काव्य हा नजराण्यातला एक जिन्नस होता.

१६३८ मध्ये मात्र काही चाललं नाही. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार. त्याने फौज पाठवली, मुल्हेरला वेढा पडला, आणि मुघल कागदांत भेरजी म्हणून येणाऱ्या राजाने किल्ला देऊन मनसब आणि सुलतानपूर परगणा घेतला. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर कोण होतं? शाहजहान. 'कीर्तिसमुल्लास' ज्याच्यासाठी होतं तोच खुर्रम.

यावर लगेच 'पाहा, स्तुती वाया गेली' असं म्हणायचा मोह होतो. पण वेल्सचा लिवेलिनही मारला गेलाच. राज्य वाचवणं हे कवितेचं काम असतं तर जगात एकही राज्य बुडालं नसतं. मला जास्त टोचतं ते दुसरंच. वेल्श काव्य राजपुत्र गेल्यावर गोळा केलं गेलं, कारण ते वेल्शमध्ये होतं आणि ऐकणारे गावोगाव उरले होते. राजे गेल्यावर कवी जमीनदारांकडे वळले, पण परंपरा मोडली नाही. रुद्रकवीचे ऐकणारे संस्कृत जाणणारे, दरबारापुरते. दरबार उठला आणि काव्याला बसायला जागा राहिली नाही. त्याच मुल्हेर गावात कोजागरीच्या रात्री उद्धव महाराजांच्या मंदिरात रासक्रीडा होते, पिढ्यानपिढ्या चालत आलेली पदं रात्रभर म्हटली जातात. आसपासच्या गावांतून माणसं येतात. गडावरचं काव्य पोथीत गेलं, पायथ्याची पदं तोंडात राहिली.

पोथीतून ते छापात आलं तेही गंमतशीर आहे. १९१७ मध्ये, बडोद्याला, 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'मध्ये. संपादन एम्बार कृष्णमाचार्य यांचं, प्रस्तावना चिमणलाल दलाल यांची. मालिका सुरू झाली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने, आणि सयाजीराव जन्माने कुठले? मालेगावजवळच्या कवळाण्याचे. म्हणजे बागलाणच्या अगदी शेजारचे. सव्वातीनशे वर्षांनी पुन्हा एका राजानेच खर्च केला, आणि तोही याच मातीतला. महाराजांना मालिकेतल्या या पाचव्या पुस्तकाचा मुलूख आपल्या माहेरच्या अंगणातला आहे हे ध्यानात आलं असेल का, असा विचार मनात येतोच.

हे पुस्तक जुन्या स्कॅनमध्ये इंटरनेटवर मिळतं. संस्कृत येत नसेल तर दलालांची इंग्रजी प्रस्तावना तरी वाचा, वंशाचा सारांश तिथे आहे. मराठीत अख्खा अनुवाद कुणी हातात घेत असेल तर मला जरूर कळवा, फाशाच्या सर्गाचा माझा कच्चा खर्डा मी आनंदाने देईन.

पुढची पोस्ट जयराम पिंड्येवर. तोही आपल्याच डोंगरांतला, त्याचे वडील गंभीरराव मार्कंड्या किल्ल्याचे हवालदार. पण त्याच्या वेळेपर्यंत या बाजूला आश्रय देणारा दरबार उरला नव्हता, म्हणून तो थेट बंगळूरला शहाजीराजांकडे गेला आणि त्यांच्यासमोर बारा नारळ ठेवले. बाराच का, ते पुढच्या वेळी.